चपलांपाशी बसलेले पाळकसाहेब

पाळक देवदान सोनटक्के यांनी मला तीन काठ्या मारल्या. पहिली उजव्या मनगटावर, दुसरी खांद्यावर आणि तिसरी मी खाली पडल्यावर, बरगडीवर. मनगटाचं हाड वाकडं बसलं. दोन बोटं अजून मिटत नाहीत. मी बैलांचा व्यापारी आहे. आमच्या धंद्यात रुमालाखाली हातात हात घालून बोटं दाबली की भाव ठरतो, तोंडाने कोणी बोलत नाही. आता मी डावा हात पुढे करतो आणि समोरचा हसतो.

लोक म्हणतात, परभाकर भाऊ, सोडून द्या, मोठा माणूस होता. मोठा होता हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत आहे. राग त्याचाच आहे. एखाद्या लहान माणसाने मारलं असतं तर मी उलट मारून मोकळा झालो असतो.

ते आमच्या गावात आले ते काळीपिवळी जीपच्या मागच्या फळीवर उभे राहून. आतली जागा त्यांनी एका बाळंतिणीला दिली होती. सामान म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि एक खराटा. बायको वारलेली, मुलगी नागपूरकडे नर्स. चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी हार घेऊन रस्त्यावर उभा होता. त्यांनी हार हातात घेतला, जीपवाल्याच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "यानं आणलं बाप्पा मले एवढ्या खड्ड्यातून. याचा मान मोठा."

आमचं गाव घाटंजी तालुक्यातलं. गुरुवारी बैलबाजार भरतो. चर्च म्हणजे टिनाचं छप्पर, चाळीसेक घरांची मंडळी, मागे पाळकाच्या दोन खोल्या आणि पुढे मोठं आवार. मी माणूस पाहतो तो जनावर पाहतो तसा: खांदा, पाय, डोळा. त्यांची मान जाड, पंजे रुंद, डावा खांदा खाली बसलेला. या माणसाने ओझी वाहिली आहेत, हे मी तिथेच ओळखलं. डोळ्यांवरून मात्र मला वाटलं, हा मारका आहे. मी सहसा चुकत नाही.

पहिल्या रविवारी त्यांनी पवित्र शास्त्र उघडण्याआधी उभं राहून सांगितलं, "मी जिनिंगमध्ये हमाल होतो. कापसाच्या गाठी ओढाले लोखंडी हूक असते. बावीस वर्षाचा होतो. भांडणात तो हूक मी संगच्या एका हमालाच्या तोंडावर मारला. त्याचा डोळा गेला. गणपत त्याचं नाव. तो जिता हाये. तुम्हाले पाळक म्हून कोण भेटला, ते तुम्हाले आधी माहीत पाहिजे. उद्या दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं तं म्हणसान, यानं लपवलं."

मग ते शांतपणे वाचायला लागले. बायांनी तोंडाला पदर लावले होते. सेक्रेटरी माझ्या कानाशी म्हणाला, "हे कायले सांगाचं असते?" मलाही तसंच वाटलं. बैल विकताना त्याची खोड कोणी पहिल्यांदा सांगतं का?

खोड अजून गेलेली नव्हती, हे त्यांचं त्यांनाच सगळ्यात जास्त माहीत होतं. चालताना ते दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून चालत. राग आला की खिडकीचा गज धरत. चर्चच्या खिडकीचा एक गज त्यांच्या दुसऱ्याच वर्षी वाकला. त्यानंतर कमिटीच्या मिटिंगला आम्ही त्यांची खुर्ची मुद्दाम खिडकीजवळ ठेवत असू. सेक्रेटरी लांबण लावायला लागला की मी हळूच म्हणायचो, "आवरा, साहेबांनी गज धरला." ते हसत नसत. पण गज सोडत.

प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा प्याला, महिन्यातून एकदा, पहिल्या रविवारी. त्याआधी ते व्यासपीठावरून खाली उतरत, मंडळीसमोर जमिनीवर उभे राहत आणि विचारत, "माह्यावर कोणाचं काही?" आधीच्या कोणत्याही पाळकाने असं कधी विचारलं नव्हतं. पहिले काही महिने कोणी बोललंच नाही. मग मार्थाबाई उठली. सत्तरीची विधवा, हातात कायम छत्री, पावसाळा असो की उन्हाळा.

"माहं हाये," ती म्हणाली. "तीन महिने झाले, तुम्ही गावभर चहा पेता. माह्या दारावरून जाता. माह्या घरचा चहा कडू हाये का?"

मंडळी खो-खो हसली. पाळकसाहेब हसले नाहीत. "चुकलं," म्हणाले. "काहून नाई आलो ते सांगू? तुम्ही लय बोलता म्हून टाळत होतो." मार्थाबाईने सगळ्यांसमोर छत्री आपटली, पण चहाला बोलावलं. उपासना संपल्यावर ते सरळ तिच्याकडे गेले आणि संध्याकाळपर्यंत ऐकत बसले. पुढच्या महिन्यापासून बाकीच्यांचीही तोंडं उघडली. कोणी म्हणे, माझ्या बापाच्या मातीला तुम्ही उशिरा आला. कोणी म्हणे, माझ्या पोराला सगळ्यांदेखत रागावलं. प्रत्येकाला ते उत्तर देत. चूक असेल तर चूक म्हणत, नसेल तर "हे मी मानत नाई" असंही म्हणत. त्यांचं हे दुसरं उत्तर लोक विसरतात. मी विसरलेलो नाही.

चपलांची जागा त्यांनीच नेमली. एका नाताळाच्या जेवणात जोसेफने आपल्या चुलतभावाच्या, आनंदच्या, डोक्यात मटण वाढायचा लोखंडी पळा घातला. कारण काय, तर कलेजीचा तुकडा एकाच्या पानात पडला आणि दुसऱ्याच्या नाही. आनंदचं रक्त भातात सांडलं. दोघांकडचे लोक ताटं फेकून उठले, कोणी लाकडं उचलली. पाळकसाहेब मध्ये घुसले, एकाला एका काखेत आणि दुसऱ्याला दुसऱ्या काखेत दाबून त्यांनी दोघांना बाहेर नेलं. दोघांचेही पाय हवेत होते. लाकडं उचललेले लोक ती तशीच हातात धरून हसायला लागले.

पण पुढच्या रविवारी हसण्यासारखं काही नव्हतं. ते म्हणाले, "जोसेफ मंडळीच्या शिस्तीखाली. दारापाशी, चपला काढतो तिथं बसन. प्रभुभोजन नाई. अन् त्याले मी उठवणार नाई, कमिटीबी उठवणार नाई. ज्याले लागलं त्यानंच याचं, हात धराचा अन् समोर आणाचं."

"अन् आनंद आलाच नाई तं?" सेक्रेटरीने विचारलं.

"तं जोसेफ बसन."

जोसेफ पाच रविवार बसला. सहाव्या रविवारी आनंद उठला आणि त्याला घेऊन आला. येताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हरभरा काढाले माणूस नाई भेटून राह्यला, म्हून." तेव्हापासून आमच्यात तोच नियम. वर्षाकाठी एकदोघं तिथे बसत. खाली बसलेल्याचं तोंड लहान होतं, आणि ज्याला लागलं त्याच्याकडे सगळी मंडळी पाहते. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, नियम चांगला आहे, सौद्याला जागा ठेवतो.

गणपतला मी स्वतः पाहिलं आहे. दरवर्षी निंदणाच्या दिवसांत पाळकसाहेब आठ दिवस कुठेतरी जात. आम्हाला वाटे, मुलीकडे जात असतील. एकदा मी बैल पाहायला घाटंजीच्या पलीकडे गेलो तर रस्त्याच्या कडेच्या कपाशीत ते वाकून निंदत होते. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक एकडोळा म्हातारा बसला होता. आईबहिणीवरून शिव्या देत तो ढेकळं उचलून त्यांच्यावर फेकत होता. माझ्यादेखत एक ढेकूळ मानेवर बसलं. त्यात खडा असावा, रक्त निघालं. त्यांनी मानेवरून हात फिरवला, तो मातीला पुसला आणि पुढचं गवत उपटलं.

मी गाडी टाकून आत गेलो. "साहेब, हे काय चालू हाये?"

"निंदण."

"तो मारून राह्यला तुम्हाले!"

"नेम चुकते त्याचा. एकच डोळा हाये." मग मान वर करून म्हणाले, "डोळा तं मी देऊ शकत नाई भाऊ. त्यालेच विचारलं, काय करू? तो म्हणे, दरसाल आठ दिवस ये अन् माह्यासमोर वाक. वाकतो."

"किती वर्षं?"

"तो बस म्हणेपर्यंत."

हा सौदा कोणत्याच बाजारात कोणी केला नसता. मी म्हटलं, मी मध्ये पडतो, म्हाताऱ्याला एक चांगलं गोऱ्हं देतो, विषय मिटवतो. तेवढ्यात दुसरं ढेकूळ आलं, ते माझ्या पाठीत बसलं. मी वळून धुऱ्याकडे धावलोच होतो. पाळकसाहेबांनी मागून माझा सदरा धरला. त्यांच्या हाताची ताकद मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

"नाई," ते म्हणाले. "त्याले मारू द्या. ते त्याचं हाये."

आता माझ्या तीन काठ्यांचं सांगतो.

गुरुवारी बाजाराच्या दिवशी माझे बैल मी चर्चच्या आवारात बांधत असे. सावली होती, हौद होता, पाळकसाहेबांची परवानगी होती. बैल राखायला मारोती होता, चाळिशीचा कोलाम आदिवासी माणूस, आमच्या मंडळीतला नाही. माझ्याकडे नऊ वर्षं होता. त्या दिवशी त्याने एक दावं सैल बांधलं. माझा सगळ्यात चांगला बैल, पांढरा, उंच, ज्याला दारव्ह्याचं गिऱ्हाईक पक्कं झालं होतं, तो दावं सोडवून रस्त्यावर गेला आणि ट्रकखाली आला. दोन्ही मागचे पाय मोडले. तो रस्त्यात बसून ओरडत होता.

मी शेतमजुराचा पोरगा. दुसऱ्यांची जनावरं पायी हाकत एका बाजारातून दुसऱ्या बाजारात नेता नेता मी उभा राहिलो. मला कोणी काही दिलेलं नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही, त्या वेळी डोक्यात तेच होतं म्हणून सांगतो. हातात पराणी होती, बैल टोचायची काठी, टोकाला लोखंडी आर. मी मारोतीला तिनेच मारायला लागलो. तो पहिल्यांदा हात आडवे धरत होता, मग पालथा पडला. मी आर त्याच्या पाठीत घातली. एकदा नाही. त्याचा सदरा लाल झाला. बाजारातली माणसं कुंपणाबाहेर उभी राहून पाहत होती. मला व्यापारी म्हणून सगळे ओळखतात, मध्ये कोणी आलं नाही.

पाळकसाहेब मागच्या खोलीतून आले. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालाला साबण. "परभाकर भाऊ, बस करा," ते म्हणाले. मी थांबलो नाही. ते मारोती आणि माझ्यामध्ये उभे राहिले. माझी पुढची काठी त्यांच्या कानावर बसली. कान फाटला, साबणात रक्त मिसळलं. त्यांनी हात पाठीमागे नेले होते, हे मला स्पष्ट आठवतं. ते हात तिथे राहिले नाहीत.

पराणी त्यांच्या हातात कशी गेली ते कळलं नाही. मनगटाचा आवाज मी ऐकला. मग खांदा. मी पडलो. वर पाहिलं तर ते काठी उचलून उभे होते आणि त्यांचा चेहरा मी पहिल्या दिवशी ओळखला होता तोच होता. तिसरी काठी बरगडीवर आली. चौथी उचललेली होती. मार्थाबाई "देवदाना!" म्हणून किंचाळली. तोवर त्यांना नावाने कोणी हाक मारली नव्हती. काठी त्यांनी गुडघ्यावर मोडली आणि हौदात फेकली. मग मारोतीला खांद्यावर टाकून ते दवाखान्यात घेऊन गेले. माझ्याकडे वळून पाहिलं नाही.

मंडळीचं मत एकाच दिवसात ठरलं: साहेबांनी बरोबर केलं. कोणी कोणी तर म्हणालं, एक अजून द्यायला हवी होती. मी हात गळ्यात बांधून घरात बसून विचार केला. पोलिसांत गेलो तर मारोतीची पाठही पोलिसांत जाईल. पण पाळकाने मंडळीतल्या माणसाचा हात मोडला, ही गोष्ट वरच्या कचेरीत गेली तर तेही अडचणीत येतील. सेक्रेटरीला निरोप दिला: मी गप्प बसतो, मला कमिटीत वडील, म्हणजे मंडळीचा मानाचा कारभारी, म्हणून घ्या आणि आवार कायमचं माझ्या बैलांना द्या. सेक्रेटरी धावत आला. "झालं समजा," म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पाळकसाहेब स्वतः आले. खुर्ची दिली तरी दाराशी रचलेल्या ढेपेच्या पोत्यावर बसले. कानाला टाके होते. मी डाव्या हाताने रुमाल पुढे केला. त्यांनी रुमालाकडे पाहिलं आणि हात आत घातला. मी वाट पाहिली. त्यांनी कोणतंच बोट दाबलं नाही. नुसता हात धरून बसले.

"सेक्रेटरीनं जे कबूल केलं ते होणार नाई," म्हणाले. "मी रविवारी सगळ्यांसमोर सांगतो, मी तुम्हाले मारलं ते चुकलं. त्याच्या बदल्यात तुमच्याकडून काही नको. गप्प बी बसू नका. पोलिसांत जाचं असन तं मी येतो संगं."

"मंग पुरं सांगा," मी म्हटलं. "मध्ये पडलो ते बी चुकलं म्हणा. माहा माणूस, माहा बैल. तुमचं काय होतं त्याच्यात?"

"ते नाई म्हणणार."

"तेवढंच म्हणा. मी लगेच उठवतो तुम्हाले, चपलांपाशी बसाची बी गरज नाई."

"मारलं ते चुकलं. आडवा आलो ते नाई चुकलं. दोन येगळ्या गोष्टी हायेत भाऊ, एका दाव्यानं नका बांधू."

मी हात काढून घेतला. आयुष्यभर मी सौदे केले आहेत. माणूस कुठवर खाली येईल, हे मला हाताच्या घामावरून कळतं. त्यांचा हात कोरडा होता.

रविवारी ते मंडळीसमोर जमिनीवर उभे राहिले. म्हणाले, "मी परभाकर भाऊले तीन काठ्या मारल्या. पहिली त्याचा हात रोखाले होती. दुसरी रागाची. तिसरी तो पडल्यावर मारली." खिडकीकडे पाहिलं, पण गेले नाहीत. "तिसरी मारताना मले बरं वाटलं. चौथी बी मारली असती. गणपतले हूक मारला तवा बी असंच वाटलं होतं. इतक्या वर्षांत मी तुम्हाले शांतीचं सांगून राह्यलो, अन् हे आत तसंच हाये."

जोसेफ उठून ओरडला, "साहेब, मारोतीचं सांगा ना! कायले मारलं ते सांगा!"

"तू बस," ते म्हणाले. "मारोतीचं उत्तर परभाकर भाऊ देईन. माहं मी देऊन राह्यलो. एक दुसऱ्याच्या आड नाई लपवाचं."

मग त्यांनी पाळकाचा पांढरा झगा काढला, घडी करून व्यासपीठावर ठेवला आणि चालत जाऊन चपलांपाशी खाली बसले. सेक्रेटरीने कसाबसा पुस्तकातला एक उपदेश वाचून काढला. प्याला फिरला, दारापर्यंत गेला नाही.

मी त्यांना उठवलं नाही. दर रविवारी पुढच्या बाकावर जाऊन बसलो. मला वाटलं होतं, एक महिना, फार तर दोन. पाळकाला धर्म सांगता येत नाही, प्याला घेता येत नाही, मयताला जाता येतं पण प्रार्थना करता येत नाही. तो येईल खाली. ते आले नाहीत. आठवडाभर ते खराट्याने आवार झाडत, आजाऱ्यांकडे जात, आणि रविवारी चपलांपाशी बसत. निंदणाला आठ दिवस गेले, परत आले, बसले. माझ्याकडे एकदाही विनवणीच्या डोळ्यांनी पाहिलं नाही. भेटले की विचारत, "हात कसा हाये?" मी तसाच पुढे जात असे.

त्यांचा उपदेश बंद होता आणि गावात बोलणं माझ्याबद्दल चाललं होतं. बाया मला पाहून बोलणं थांबवत. एका रविवारी मार्थाबाईने दारातच गाठून माझ्या पाठीत छत्री घातली. "उठव ना रे त्याले, मुर्दाडा! तुह्या काळजात खिळा ठोकला का?" दुसरा वार पोटावर आला. मी छत्री हिसकावून मोडली आणि तिच्या पायाशी टाकली. म्हातारी त्या काड्या उचलत राहिली. पाळकसाहेब तीन हातांवर बसले होते. ते हलले नाहीत, फक्त उंबऱ्याची कड बोटांनी घट्ट धरून बसले. शेवटी तिला छत्रीच्या काड्या गोळा करू लागले.

सहा महिन्यांनी वरच्या कचेरीतले मोठे साहेब आले. पांढरी गाडी, बरोबर दोन माणसं. मंडळीसमोर म्हणाले की पाळकाने चपलांपाशी बसणं पदाला शोभत नाही, आपण आपल्या अधिकारात त्यांना मोकळं करत आहोत, त्यांनी उठावं.

पाळकसाहेब बसल्या जागेवरून म्हणाले, "साहेब, तुम्हाले कुठं लागलं?"

"मला? मला काय लागायचं?"

"मंग तुम्हाले नाई उठवता येत."

मोठे साहेब लाल झाले. एका महिन्यात पाळकसाहेबांच्या जागी दुसरा पाळक आला आणि यांना मारेगावकडच्या एका वाडीत, मुलीच्या सासरच्यांच्या ओळखीने, राहायला खोली मिळाली. जाताना ते मला भेटायला आले होते. मी बाजारात गेलो आहे, असं घरच्यांना सांगायला लावलं. मी आत होतो. "बरं," म्हणाले. "मनगट शेकत जा म्हणाव, थंडीत दुखन." त्यांची पावलं दूर जाईपर्यंत मी आत उभा होतो.

मारोती तेव्हाच सोडून गेला होता. दारव्ह्याकडे वीटभट्टीवर आहे असं ऐकलं. मी गेलो नाही. जाणार आहे, असंही इथे लिहीत नाही.

गेल्या वर्षी एक जोडी पाहायला मी मारेगावकडे गेलो. रविवार होता. मालक घरी नव्हता. परत येताना वाटेत गाण्याचा आवाज आला. शाळेच्या खोलीसारखी एक खोली, बाहेरपर्यंत माणसं. मी गाडी थांबवून दारात गेलो.

ते चपलांपाशी बसले होते.

त्यांचं अंग उतरलं होतं. मानेचं जाड कातडं लोंबत होतं. लोकांनी कशाही काढून टाकलेल्या चपला ते जोडीजोडीने लावत होते. मी दाराच्या चौकटीआड होतो, त्यांनी पाहिलं नाही. जवळच्या बाईला मी हळू विचारलं, हे बाबा इथे का बसतात?

"आले तवापासून तिथंच बसतात," ती म्हणाली. "प्रभुभोजन घेत नाई. म्हणतात, माह्या गावचा एक माणूस हाये, तो येऊन उठवन. दोन वर्षं झाले. आम्ही म्हणतो बाबा, तो माणूस मेला असन."

"नाई मेला," मी म्हटलं.

तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. त्या काठ्या कोणाला माहीत नव्हत्या. पहिल्या बाकावर बसून ते खुशाल प्याला घेऊ शकले असते. माझ्या डोक्यात रक्त चढलं. दोन वर्षं हा माणूस परक्या गावात मला दाराशी बांधून बसला होता. मी बूट न काढता आत गेलो आणि डाव्या हाताने त्यांचा दंड धरला.

"उठा."

"परभाकर भाऊ," ते म्हणाले. हसले.

"उठा म्हणतो ना!" मी खेचलं. एकेकाळी दोन माणसं काखेत उचलणारा हा माणूस हाताला काहीच लागला नाही. एक जण आडवा आला, "ओ, म्हाताऱ्याले कायले ओढता?" मी त्याच्या छातीत हात मारला, तो बाकावर आदळला. मी त्यांना ओढत समोर नेलं. तरुण पाळक प्याला हातात धरून घाबरून उभा होता. मी म्हटलं, "मले लागलं होतं. मी उठवलं. हा माणूस मोकळा हाये. द्या त्याले."

खोलीत कोणी हललं नाही. पाळकसाहेब धापा टाकत होते. श्वास सापडल्यावर त्यांनी एकच विचारलं, हळू, माझ्यापुरतं, "मारोती कसा हाये?"

मी त्यांचा दंड सोडला. वळलो. लोकांनी वाट दिली. दारापाशी, जोडीने लावलेल्या चपलांच्या मध्ये, त्यांची जागा रिकामी होती. एका माणसाला बसता येईल एवढी. मी ती ओलांडून बाहेर आलो.

गाडीवर बसून मागे पाहिलं. दार उघडं होतं. त्यांच्या हातात प्याला दिला होता आणि सगळी मंडळी त्यांनी तो घ्यावा म्हणून वाट पाहत होती. ते प्याला तसाच धरून दाराकडे पाहत उभे होते. मी किक मारली तेव्हाही तो ओठाला लागलेला नव्हता.